डब्यातल्या तुती

तुती बियांपासून कुणी लावत नाही. शहाण्या माणसानं पावसाच्या तोंडावर बोटाएवढी जाड फांदी तोडावी, ओल्या मातीत तिरकी खोचावी आणि विसरून जावं. दोन-तीन वर्षांत झाड फळं द्यायला लागतं, आणि वर शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर डाग पाडून भांडणंही लावून देतं. आमच्या आईनं मात्र बी पेरलं. खसखशीएवढं बी, त्यातून दोऱ्याएवढं रोप, आणि त्याचं झाड होईपर्यंत आमच्या घरातली निम्मी माणसं म्हातारी झाली. ते झाड अजून माझ्या खिडकीशी उभं आहे. आता आजूबाजूला एवढ्या उंच इमारती झाल्यात की दुपारी तीननंतर त्याला ऊन मिळत नाही, तरी वाढायचं थांबत नाही. हट्टीपणा कुणाचा घेतलाय, ते मी सांगायला नको.

मांजरी गावात तेव्हा आमचं घर म्हणजे वस्तीचं शेवटचं टोक. पुढे ऊस आणि उसापलीकडे रेल्वेचा रूळ. घर बैठं, वर पत्रे, पुढे अंगण आणि अंगणात शहाबादी फरशी. ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः बसवली होती, त्यामुळे कुठलीच दुसरीच्या पातळीत नव्हती. अण्णा पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. रोज सायकलवरून कालव्याच्या कडेकडेनं जायचं, पाण्याची पातळी बघायची, कुणी चोरून पाण्याच्या मोटारी लावल्यात का ते बघायचं आणि लावल्या असतील तर तिथेच चहा पिऊन परत यायचं. आई घरी. तिचा दिवस हापशाच्या आवाजानं सुरू व्हायचा. लोखंडी दांडा खाली गेला की एक लांब कण्हणं आणि वर आला की बादलीत पाण्याचा धबका. भाकरी थापण्याचा आवाज त्यानंतरचा. मला आजही पहाटे जाग आली की आधी तो हापसा ऐकू येतो आणि मग आठवतं की तो काढून त्या जागी कुणाच्या तरी गाडीचं पार्किंग झालंय. साखर कारखान्याचा हंगाम असला की वाऱ्यावर मळीचा आंबूस वास यायचा आणि भाकरीलासुद्धा तो वास लागलाय असं वाटायचं. आम्ही दोघी बहिणी. मोठी सुजाता आणि मी. मला घरात सगळे धाकटी म्हणत, शाळेत नाव वेगळं होतं पण ते शाळेपुरतं.

सुजाता हे नाव अण्णांनी ठेवलं. बुद्धाला खीर देणारी ती सुजाता. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातला देव्हारा उतरवला, त्याच्या जागी बुद्धाची तसबीर आली आणि वर्षभराच्या सणांतून आमच्या वाट्याला दोन-तीनच उरले. त्यातली वैशाखी पौर्णिमा म्हणजे आमच्याकडे सुजाताचाच सण. आई मोठ्या पातेल्यात तांदळाची खीर करायची, वेलदोडा, थोडं ओलं खोबरं. सकाळी वंदना झाली की पहिली वाटी तसबिरीपुढे सुजाताच ठेवणार. मी एकदा रडून हट्ट केला तर ती म्हणाली, "तुझं नाव सुजाता आहे का? मग गप बस." एवढं बोलून वाटीतली बोटभर खीर मला चाटवली. ती अशीच होती. आधी टपली मारायची, मग द्यायची.

कालव्याच्या कडेला, गावाच्या जरा पुढे, तुतीचं एक मोठं झाड होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अण्णा आम्हाला तिकडे न्यायचे. सुजाता सायकलच्या दांडीवर बसायची, मी मागे कॅरिअरवर. पण त्या वर्षी माझा पाय चाकात अडकून घोट्याची सालं निघाली होती, तेव्हापासून मला सायकल बंद. म्हणून त्या दिवशी सुजाता एकटीच गेली. दुपारी परत आली तेव्हा तिचं तोंड, हात आणि फ्रॉकचा घेर जांभळा झालेला. मी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. अण्णांचा जेवणाचा पितळी डबा तिच्या हातात होता, तो घेऊन ती स्वयंपाकघरात आईशी काहीतरी बोलली, एवढं मला झोपेत ऐकू आलं. उठले तेव्हा ती माझ्या शेजारीच झोपली होती आणि तिचं अंग तापलं होतं. मग टांगा, मग शहरातला दवाखाना, आत्या लोणी काळभोरहून येऊन माझ्याजवळ राहिली. ताप डोक्यात गेला असं म्हणाले. पौर्णिमेच्या आधीच सुजाता गेली.

तिला घरी आणलं तेव्हा तिच्या नखांत जांभळा रंग तसाच होता. दवाखान्यात तो कुणी धुतला नव्हता. कशाला धुतील म्हणा. मला तेवढंच आठवतं, बाकी सगळं मोठ्या माणसांच्या पायांच्या आडून पाहिलेलं आहे.

मोठी माणसं कारण शोधतात. आत्याला ते लगेच सापडलं. "कालव्याकडंची फळं खाल्ल्याली हायत पोरीनं. धुतली न्हाय, पुसली न्हाय. दुसरं काय न्हाय त्ये." ती हे अण्णांच्या देखत म्हणाली. वाईट मनानं नव्हे, तिला एवढंच म्हणायचं होतं की कुणाची करणी-बिरणी नाही. पण अण्णा उठून बाहेर गेले आणि सायकलची दांडी ओल्या फडक्यानं पुसत बसले. त्या दिवसानंतर त्यांनी सुजाताचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. 'मोठी' नाही, 'ती' नाही. आईनंही घेतलं नाही, ते बहुधा त्यांच्यासाठी. मग माझ्याही तोंडून निघेना. मला मात्र सगळे धाकटीच म्हणत राहिले. मोठी नसताना मी धाकटी कुणापेक्षा, असा प्रश्न मला लहानपणी फार पडायचा, पण तो विचारायचा कुणाला?

तिचं पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्यासाठीची वंदना, झालं, पाहुणे गेले आणि मग डबा निघाला. फडताळात वरच्या कप्प्यात होता. आईनं झाकण काढलं आणि दारूसारखा आंबट-गोड वास घरभर झाला. आतल्या तुतींचा लगदा झाला होता, वर पांढरा फेस. आत्यानं नाकाला पदर लावला. "आगं, टाक त्ये उकिरड्यावर! घरात कशाला ठिवतीस?" आई डबा घेऊन मोरीत बसली, त्यात पाणी ओतलं आणि हातानं तो लगदा कुस्करायला लागली. गर वर तरंगला तो ओतून टाकला, पुन्हा पाणी, पुन्हा कुस्करणं. पाणी जांभळ्याचं गुलाबी झालं, गुलाबीचं स्वच्छ झालं, आणि डब्याच्या तळाशी पिवळसर बारीक बी उरलं. ते तिनं अण्णांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर पसरून घरात सावलीला ठेवलं. तिचे हात त्यानंतर बरेच दिवस जांभळे होते. तिनं ते चिंचेनं घासले नाहीत.

पेरणीही तिनं आपल्या डोक्यानंच केली. फुटक्या माठाचं बूड घेतलं, पिठाच्या चाळणीनं माती चाळली, त्यात कालव्याची वाळू मिसळली. पिठाची चाळण मातीला वापरली म्हणून आत्या चक्क कानांवर हात ठेवून बाहेर गेली. बी मातीत खोल पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं आणि चिमटीनं राख टाकायची, एवढं आईला कुठून माहीत होतं कोण जाणे. ओलं गोणपाट झाकलं. कडेनं मुंग्यांसाठी हळद ओढली. पाणी ओतायचं नाही, इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडतात तसं बोटांनी शिंपडायचं. रोज सकाळी गोणपाट उचलून ती आत बघायची, आणि मी तिच्याकडे बघायचे. उगवलं तेव्हा आधी मलाच दिसलं. हिरवी नव्हे, पोपटी धूळ पडल्यासारखी दिसत होती. "आई, आलं!" असं मी ओरडले. आईनं तोंडावर हात ठेवला आणि ती माठाच्या बुडावर वाकली.

त्यातली बहुतेक रोपं मेली. काही बुडाशी कुजून आडवी झाली, काही चिमण्यांनी नेली, काही उन्हानं. रोप मेलं की आई ते उपटून टाकायची नाही, तिथेच मातीत दाबायची. शेवटी एक राहिलं. ते तिनं आमच्या खिडकीशी लावलं. खिडकी म्हणजे जिच्याखाली मी आणि सुजाता झोपायचो ती. अण्णा हे सगळं लांबून बघत होते. एक दिवस कालव्यावरच्या त्याच झाडाची एक जाड फांदी तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी घरी आणली आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खोचली. "बियाला किती वर्षं लागतील काही नेम नाही," ते म्हणाले. "हे त्याच झाडाचं आहे. लवकर धरेल." फांदीला कोंब फुटले. आईनं ती उपटून कुंपणाबाहेर टाकली.

"अगं, तेच झाड आहे ना?" अण्णा म्हणाले.

"झाड तेच असेल," आई म्हणाली. "पण ही फळं तिनं तोडली होती. फांदी तुम्ही तोडलीत."

त्या वर्षीच्या नाही, पुढच्या पौर्णिमेला आईनं खीर केली. तसबिरीपुढे वाटी ठेवायला मला सांगितलं. अण्णांना वाढली, मला वाढली, स्वतःला घेतली नाही. अण्णांनी विचारलं तर म्हणाली, "ह्या झाडाला फळ येईल तेव्हा खाईन." मग हळूहळू लक्षात आलं की खीरच नाही, ती गोड म्हणून काहीच खात नव्हती. चहात साखर नाही, संक्रांतीला शेजारून आलेला तिळगूळ नाही, गुळाचा खडासुद्धा नाही. अण्णा चिडले. ते फारसे चिडत नसत. "आपल्यात नवस-बिवस नसतात. वडिलांनी देव सोडले ते काय पुन्हा झाडाला धरायला?"

"नवस नाही हा," आई शांतपणे म्हणाली. "मी कुणाकडे काही मागत नाही. मला गोड लागत नाही, एवढंच. फळ आलं की लागेल."

असं ते झाड आमच्या घरात वाढलं. माझ्याबरोबरच वाढलं, फक्त त्याच्या वाढीकडे लक्ष असायचं. तुतीची पानं विचित्र असतात. एकाच फांदीवर एक पान अख्खं, दुसऱ्याला दोन बोटं, तिसऱ्याला पाच. मला ते हात वाटायचे. एखाद्याचं एक बोट कमी, एखाद्याचा अंगठाच नाही, आणि वारा आला की सगळे हलायचे. मी खिडकीकडे पाठ करून झोपायला लागले. झाड पत्र्याला पोचलं तेव्हा तर फारच झालं. उन्हाळ्याच्या दुपारी वारा सुटला की एक फांदी खिडकीच्या गजावर टकटक करायची. सारखी नाही. दोन-तीनदा, मग थांबून पुन्हा. बाहेरून कुणीतरी कडी वाजवावी तसं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आले गं!" आणि हात पुसत दारापर्यंत जायची. दार उघडायची. बाहेर फरशीवर ऊन पसरलेलं, दुसरं काही नाही. मग ती दार तसंच उघडं ठेवून परत यायची. पहिल्या वेळी मला भीती वाटली. नंतर वाटेनाशी झाली, आणि ते जास्त भीतिदायक होतं असं आता वाटतं. एकदा मी अभ्यास करत होते, टकटक झाली आणि "आले गं" असं मीच म्हणून गेले. आईनं आतून वाकून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी तिनं मला जेवताना न मागता तूप वाढलं.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत असताना झाडाला पहिल्यांदा मोहर आला. हिरवट-पिवळ्या, सुरवंटासारख्या लोंबत्या दांड्या. आई दिवसातून दहादा खाली उभी राहून वर बघायची. हात लावला की बारीक पिवळी धूळ उडायची, ती तिच्या केसांत बसायची. मग त्या दांड्या सुकल्या आणि गळून पडल्या. "पहिला बहर टिकत नाही," आई म्हणाली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. त्या सुमारास शेजारी दामले राहायला आले होते. शेती कॉलेजातून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्याची गोष्ट त्यांनी अजून मान्य केली नव्हती. एका संध्याकाळी ते कुंपणापाशी आले, झाडाकडे बघत उभे राहिले आणि अण्णांना म्हणाले, "बियापासून लावलंत वाटतं?"

"हो."

"तरीच. नर आहे हे. तुतीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. फांदी लावली असतीत तर आईच्याच वळणावर गेलं असतं. बी म्हणजे चिठ्ठी उचलण्यासारखं." ते जरा थांबले. "सावली देईल. फळाची वाट बघत असाल तर बघू नका, जन्मात धरणार नाही."

"आमच्या घरात हे बोलू नका," अण्णा म्हणाले.

दामल्यांनी भुवया उंचावल्या, पण पुढे खरंच कधी बोलले नाहीत. मी अंगणात कपडे काढत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले. आई सत्तरीची होईल, ऐंशीची होईल, खिडकीशी उभी राहून वर बघत राहील आणि चहात साखर घेणार नाही, हे मला त्या क्षणी एकदम दिसलं. मला सुजाताचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो हे कुणी आधी सांगत नाही.

त्यानंतरची ती सकाळ. मी मोरीत उभी होते, तोंडात राखुंडी, आणि मोरीच्या झरोक्यातून अंगण दिसत होतं. अण्णा झाडाखाली उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात कागदाचा पुडा होता. आदल्या दिवशी ते काही काम नसताना शहरात जाऊन आले होते, मंडईत. पुड्यातून एकेक तुती काढून ते फरशीवर ठेवत होते. वाळकी पानं बाजूला सारायची, तुती ठेवायची, वर दोन पानं ओढायची, जरा मागे सरून बघायचं, पुन्हा एखादी उचलून दुसरीकडे ठेवायची. कामावर जायचे धुतलेले कपडे अंगावर, गुडघ्याला माती. आणि ते बोलत होते. मला आधी वाटलं स्वतःशीच पुटपुटतायत. मग ऐकू आलं. "सुजा, बाळा, एवढं सांभाळून घे. तुझ्या आईला कळू देऊ नको."

इतक्या वर्षांनी मी ते नाव ऐकलं. तोंडातली राखुंडी गिळली गेली, तरी मी हलले नाही. ते झाडाशी बोलत होते की तिच्याशी, हा फरक त्या वेळी मला सांगता आला नसता. आजही येत नाही.

आई खराटा घेऊन बाहेर आली तेव्हा अण्णा ओट्यावर पेपर उघडून बसले होते, कालचा. खराट्याचा आवाज सुरू झाला आणि थांबला. आई खाली बसली. एक तुती उचलली, तळहातावर ठेवली, बराच वेळ बघितली. मग मान वर करून झाडाकडे पाहिलं, पुन्हा खाली फरशीकडे पाहिलं. फरशीवरून तिची नजर सावकाश फिरली, अण्णांच्या गुडघ्यावरच्या मातीपर्यंत.

"अहो," ती म्हणाली. "तुती आल्यात."

"हो का?" अण्णांनी पान उलटलं. "बघू."

आईनं एक त्यांच्या हातावर ठेवली, एक स्वतः खाल्ली. मला दिली नाही. सुजाता गेल्यापासून तुतीला माझा हात लागू द्यायचा नाही हा आत्याचा हुकूम आमच्या घरात न बोलता चालू होता, आणि मला वाटलं त्यामुळेच. त्या पौर्णिमेला तिनं खीर खाल्ली. वाटी भरून, पुन्हा घेऊन. अण्णा ताटावरून उठले आणि हात धुवायला म्हणून बाहेर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

पुढे दर वर्षी हे होत राहिलं. मोहर गळून गेला की थोड्या दिवसांनी अण्णा शहरात जायचे आणि दुसऱ्या सकाळी झाडाखाली तुती सापडायच्या. मला शाळेत नोकरी लागली, मी शहरात नारायण पेठेत खोली घेऊन राहिले. लग्न केलं नाही, त्याचा तुतीशी काही संबंध नाही. पण त्या दिवसांत मी सुट्टी काढून घरी यायचेच. अण्णा निवृत्त झाले, त्यांना काठी आली, उकिडवं बसता येईना, तर ते काठीच्या टोकानं पानं सारून वाकून एकेक तुती ठेवायचे. मी कधी मदत केली नाही. ते त्या दोघांचं होतं. खरं म्हणजे तिघांचं.

अण्णा गेले ते थंडीत. मी खोली सोडून घरी आले. मोहर आला, गळला, पिवळी धूळ फरशीवर पसरली. मला काय करावं सुचेना. मंडईत जाऊन पुडा आणला, तो माझ्या पिशवीतच राहिला. अण्णा ज्या सहजपणे मांडायचे ते मला जमणार नव्हतं. सकाळी आईनं अंगण झाडलं, खराटा भिंतीला टेकवला आणि ओट्यावर येऊन बसली.

"यंदा कुणी ठेवल्या नाहीत," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी. झाडावरून पडलेली तुती फुटते गं. फरशीवर डाग पडतो, घासून निघत नाही. आणि ह्यांच्या सगळ्या धडधाकट. देठ एका बाजूला केलेले. फरशी लखलखीत." ती हसली. "कालव्यावर एवढी वर्षं काढली, पण एवढं काही सुचलं नाही त्यांना."

"मग खीर का खाल्लीस?"

"मोरीतून तू एकटीच ऐकत होतीस वाटतं? मी आतून दाराशी उभी होते." तिनं पदर नीट केला. "त्यांच्या तोंडून तिचं नाव आलं. वर्षातून एकदा यायचं ते. झाडानं फळ दिलं काय न् नाही दिलं काय, मला तेवढं पुरायचं. मी नसती खाल्ली तर ते दुसऱ्या वर्षी बोलले नसते."

मग वारा आला, खिडकीवर फांदी वाजली, आणि या वेळी आई उठली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "एक सांगायचं राहिलं तुला. तो डबा तुझा होता. तुला सायकलवर नेलं नाही म्हणून तिनं तुझ्या वाटणीच्या आणल्या होत्या. माझ्या हातात दिला आणि म्हणाली, धाकटी उठली की तिला दे, तू खाऊ नको, अण्णांना देऊ नको. मी वर ठेवला. तू उठलीस तोवर तिला ताप भरला होता." तिनं खिडकीकडे पाहिलं. "तुला द्यायचा राहिला, म्हणून पेरला. टाकणार कसा? तुझा होता ना."

मी एवढी मोठी बाई, शाळेत पोरांना धाकात ठेवणारी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखी रडले. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हाच्या तिच्याहून म्हातारी आहे. तुती मी कधीच खाल्ली नाही. आधी बंदी म्हणून, नंतर सवय म्हणून, आणि ते कळल्यावर तर मंडईतल्या तुतीकडे बघायलाही नको वाटायचं.

हे सगळं आत्ताच का लिहिलं, ते सांगते. गेल्या चैत्रात मी सकाळी अंगण झाडत होते. खिडकीखाली एके ठिकाणी खराटा फिरवला, कचरा गेला पण फरशी काळपट राहिली. पुन्हा फिरवला. मग पायानं घासलं. मग चष्मा लावून, ओट्याला धरून खाली बसले. जांभळा डाग होता. शेजारी दुसरा. तिसऱ्यात तुती अजून होती, फुटून फरशीला चिकटलेली, बारीक काळी, मंडईतल्यासारखी पोसलेली नाही. घरात मी एकटी. अण्णा नाहीत, आई नाही. मांडायला कुणी नाही. मला वर बघायचा धीर होईना. रोपवाटिकेतल्या एका बाईंना नंतर फोन केला तर त्या म्हणाल्या, होतं कधी कधी, जुन्या नर झाडाची एखादी फांदी पालटते. त्या सांगतायत तर तसंच असेल. पण फोन नंतर केला. त्या वेळी मी फरशीवर बसलेली होते, अंगावर काटा आला होता, आणि वारा सुटला. डोक्यावर खिडकीच्या गजावर टकटक झाली. तीच फांदी. तिच्यावर पानांच्या आड तुती होत्या, काही लाल, काही काळ्या.

"आले गं," मी म्हणाले. आत जाऊन फडताळातून पितळी डबा काढला. आईनं त्यात पुन्हा कधी काही ठेवलं नव्हतं, पण घासून ठेवायची. हाताला येतील तेवढ्या तुती तोडल्या, बोटं जांभळी झाली, पातळावर डाग पडले. धुतल्या नाहीत. ओट्यावर बसून डबा मांडीवर घेतला आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं, शेजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे, "सुजाताताई, धाकटी उठली गं."

मग माझ्या वाटणीच्या खाल्ल्या.